भरलेला अबोला

मांडवी संघानं पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल चढवले, तेव्हा विजयमालानं चहाचा कप खाली ठेवला आणि टेबलावरच्या पेटीला दम दिला, "आक्का, एक शब्द बोलायचा नाही हं."

"मी कुठं काय बोललो? मी मुकाट्यानं पोहे खातोय," पेटीतून आक्का म्हणाली, आणि हसू लपवायला खोकली.

थोरली बहीण आक्का होती म्हापशात, धाकटी विजयमाला कोल्हापुरात. मध्ये आंबोलीचा घाट आणि दोघींचे दोन संसार. लग्न होऊन आक्का उज्ज्वला गावस झाली, गोव्याची झाली, नारळाशिवाय तिचं पान हलेनासं झालं, पण बोलणं मात्र कोल्हापूरचंच राहिलं. कोल्हापूरच्या बायका 'मी आले, मी गेले' म्हणत नाहीत. 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. म्हापशाच्या बाजारात लोक वळून बघत, सासूनं सांगून पाहिलं, आक्का बधली नाही. तिनं बदलला तो फक्त संघ. नवऱ्याच्या मागून ती मांडवीची झाली. "आडनाव बदललं त्याचं काही नाही," दोघींचे वडील म्हणत, "पण पोरीनं टीम बदलली की हो!"

टेबलावरच्या त्या पेटीचं नाव 'सोबत'. देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचे सामने दाखवणाऱ्या कंपनीनंच ती काढली होती. दोन गावांतल्या दोन माणसांना एका सोफ्यावर बसून मॅच बघितल्यासारखं वाटावं, एवढाच तिचा उद्देश. ऐकायला सोपं आहे, पण त्यात एक मोठी अडचण होती. चित्र आणि आवाज लांबून येतात, तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि प्रत्येक घरी एकाच क्षणी पोचत नाहीत. एकीच्या पडद्यावर गोल होऊन गेलेला असतो, दुसरीचा चेंडू अजून मध्यरेषेवर. शिवाय वाटेत काही तुकडे हरवतात आणि 'अगं तो बघ की'मधलं नुसतं 'अगं तो' ऐकू येतं. शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. हरवलेल्या तुकड्याची वाट बघत बसायचं नाही. तो काय असेल याचा अंदाज करायचा आणि त्याच माणसाच्या आवाजात तिथं बसवून द्यायचा. गवंडी भिंतीतली चीर लिंपतो तसं. या लिंपणाला कंपनीनं 'भरणी' म्हटलं. विजयमालाला ते नाव आवडलं नव्हतं. भरणी म्हटलं की तिला पितृपक्षातलं श्राद्धच आठवे. पण पेटी पहिल्यांदा लावली तेव्हा 'संपर्क तुटल्यास भरणी चालू ठेवू का?' असं पेटीनं विचारलं, आणि ती 'हो' म्हणाली. आक्काही 'हो' म्हणाली. नाही कोण म्हणेल?

मध्यंतरानंतर करवीरच्या, म्हणजे विजयमालाच्या कोल्हापूरच्या संघाच्या, पोरांच्या अंगात वारं संचारलं. एक गोल कॉर्नरवरून, दुसरा मांडवीच्या गोलकीपरच्या हातातून निसटून. आक्काचा खोकला थांबला. आणि अगदी शेवटी, पंच घड्याळ बघत असताना, करवीरच्या मुजावरनं लांबून जो फटका मारला तो खांबाला लागून आत. तीन-दोन! गल्लीत फटाके वाजले. विजयमाला सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे धरून उठली आणि उभ्याउभ्या टाळ्या पिटायला लागली.

"नशीब गं, नशीब," आक्का म्हणाली. "खांबानं गोल केला तुमचा."

"खांबानं? आक्का, तुमच्या घरात काही टिकतच नाही बघ. ना आघाडी, ना सून."

बोलून गेली. आक्काचा मुलगा बोटीवर असतो. दिवाळीच्या आधी त्याची बायको सामान आवरून निघून गेली होती. आक्कानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त मालूला, म्हणजे विजयमालाला, सांगितलं होतं.

पेटीतून काही आलं नाही. विजयमालाला वाटलं, आक्का उत्तर जुळवतेय. मग टक् असा बारीक आवाज झाला. आक्कानं जोडणी तोडली होती.

*

अबोला त्यांना नवा नव्हता. त्यांच्या लहानपणी शाहू मैदानाच्या पायऱ्यांवर मुली बसत नसत. वडील दोघींना घेऊन जात आणि एकीला डावीकडं, एकीला उजवीकडं बसवत. लोक म्हणत, पोरींना धाक राहावा म्हणून. खरं कारण होतं अबोला. घरातून निघताना दोघींचं बोलणं चालू असेल याची काही खात्री नसे. भुईमुगाच्या शेंगांचा पुडा वडिलांच्या मांडीवर असे आणि दोन्हीकडून दोन हात येत. त्या दिवसांतली माती, पाय घसरून पडलेला एखादा बॅक, पेठेतल्या तालमीच्या संघाच्या नावानं उठणारी आरोळी, सगळं विजयमालाला अजून कालच्यासारखं दिसे. काल काय जेवली ते मात्र आठवून सांगावं लागे.

आक्का सासरी गेली आणि अबोले टेलिफोनवरून होऊ लागले. पेठांच्या संघांची मॅच संपली की विजयमाला एसटीडी बूथवर रांगेत उभी राही. आतल्या काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत असत आणि ती धापा टाकत सगळी मॅच आक्काला सांगे. आक्का तिकडून चुका काढी. "बघितली मी, का तू?" असं भांडण होई आणि महिना-महिना बूथ सुना पडे. त्यांच्या अबोल्याचा नियम एकच: जी पहिल्यांदा बोलेल ती हरली. हरलेलीनं पुन्हा तो विषय काढायचा नाही आणि जिंकलेलीनंही नाही. वाईट असो, चांगला असो, या नियमावर दोघी म्हाताऱ्या झाल्या.

या वेळी मात्र विजयमालाला पहिल्याच संध्याकाळी घर खायला उठलं. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पूर्वी ती तालमीच्या संघांचे टी-शर्ट शिवत असे. पोरं मापं द्यायला येत, 'काकू, माझा दहा नंबर' म्हणून भांडत. आता टी-शर्ट यंत्रातून निघत आणि मशीनवर तिनं कुंड्या ठेवल्या होत्या. आठवड्यात बोलायची ती मॅचच्या दिवशी. चूक आपली आहे हे तिला कळत होतं. पेटीवरचं जोडणीचं हिरवं बटण दाबलं की झालं. दोनदा तिनं बोट नेलं आणि परत घेतलं. थोरली आहे ती, तिनंच मोठं मन करावं, असं स्वतःशी म्हणाली. आणि हे खोटं आहे हेही स्वतःशीच म्हणाली.

पुढच्या मॅचला तिनं बटण न दाबता नुसती पेटी सुरू केली. घरात काहीतरी आवाज असावा म्हणून. करवीरच्या फॉरवर्डनं रिकाम्या गोलसमोर चेंडू आकाशात उडवला आणि पेटीतून आवाज आला, "अगं काय हे! बूट उलटे घातलेत काय त्यानं?"

विजयमालाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आक्का बोलली. आक्का आधी बोलली!

"बूट नाहीत, डोळे उलटे बसवलेत," ती म्हणाली. नियमाप्रमाणे तो विषय काढला नाही. आक्कानंही नाही.

*

हंगाम पुढं सरकत गेला. थंडी आली. मांडवी वर वर चढत होती आणि करवीर तळाशी घुटमळत होतं. तळाचे दोन संघ लीगमधून बाहेर पडणार होते. विजयमाला प्रत्येक हार मनाला लावून घेई आणि आक्का तिची समजूत घाली. "पुढची मॅच घरच्या मैदानावर आहे, होईल नीट." पूर्वीची आक्का असं कधी म्हणाली नसती. पूर्वीची आक्का म्हणाली असती, 'उतरा खाली, तिथं हवा चांगली असते.' सुनेच्या दुःखानं ती मऊ झाली असावी असं विजयमालाला वाटलं. जरा अळणी लागत होतं, पण पथ्याचं म्हणून माणूस खातोच.

पेटीच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका आजकाल पिवळा असे. मांडवीची जर्सी पिवळी. आक्का बोलतेय म्हणून तिच्या संघाचा रंग दाखवत असेल, असं विजयमालानं ठरवून टाकलं.

मकरसंक्रांतीनंतर तिला ताप आला. तीन दिवस कुणी दार वाजवलं नाही. चौथ्या दिवशी मॅच होती. अंगावर गोधडी घेऊन ती पेटीसमोर बसली आणि आजवर कधी न बोललेलं बोलली.

"आक्का, तू ये की माझ्याकडं राहायला. तिकडं तरी तुला कोण आहे? पोरगा वर्षातून एकदा येणार. दोघी मिळून राहू. भांडू."

पेटी क्षणभर थांबली.

"येते गं," आक्का म्हणाली. "हंगाम संपला की येते."

'येते.' विजयमालाच्या कानाला काहीतरी टोचलं. जन्मभर 'येतो' म्हणणारी बाई 'येते' म्हणाली. सासूला जे जमलं नाही ते शेवटी गोव्यानं केलं म्हणायचं, असं तिला वाटलं, आणि त्या आनंदात तिनं ते सोडून दिलं. ताप उतरल्यावर मागची खोली रंगवून घेतली. आक्काचे गुडघे वाईट, म्हणून न्हाणीत धरायला दांडा बसवला. रंगाऱ्यानं विचारलं, "कोण येणार हाय, काकू?" तर म्हणाली, "आमच्या गोव्याच्या पाहुण्या. मांडवीवाल्या. त्यांना पिवळा रंग देऊ नका, माजतील."

*

वैशाखात, हंगामाची शेवटून दुसरी मॅच. करवीर मलबारविरुद्ध घरच्या मैदानावर खेळत होतं. दुपारपासून वारा सुटला होता. आक्का रंगात होती. पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकत होती, विजयमालाचं तिकडं लक्ष नव्हतं. पण 'गोवा' हा शब्द दिसला की तिची नजर आपोआप जायची. अरबी समुद्रातलं वादळ किनाऱ्याला धडकलं होतं. उत्तर गोव्यात दुपारपासून वीज, फोन, सगळे संपर्क बंद.

"आक्का, वीज आहे का गं तुझ्याकडं?"

"आहे की. लख्ख आहे."

"वादळ आलंय म्हणे."

"कसलं वादळ? ते बघ, ऑफसाइड दिला मेल्यानं!"

विजयमाला पेटीकडं बघत राहिली. पिवळा ठिपका शांतपणे जळत होता. तिनं मोबाइलवरून आक्काला फोन लावला. लागत नव्हता. पेटीतली आक्का पंचाला शिव्या देत होती. तिनं कंपनीचा मदतीचा नंबर फिरवला. "हॅलो, मी कोल्हापुरातनं बोलतोय."

"बोला, आजोबा," पलीकडचा तरुण म्हणाला.

"आजी आहे मी. मी म्हापशाच्या बहिणीशी बोलतोय, पण म्हापशात लाइन नाही. मग मी बोलतोय कुणाशी?"

त्यानं पाहिलं असावं. जरा वेळ लागला. "आजी, तुमची भरणी चालू आहे. पिवळा ठिपका दिसतोय ना?"

"वादळानं?"

"नाही… ही बरीच आधीपासून आहे. त्यांनी जोडणी बंद केली होती, हंगामाच्या सुरुवातीला. मांडवी-करवीर मॅचच्या दिवशी. परत तुमच्यापैकी कुणीच बटण दाबलेलं नाही."

विजयमालानं विचारलं, "आणि आक्का? तिची पेटी बंदच असते?"

"नाही, त्या प्रत्येक मॅचला लावतात. त्यांच्याकडंही भरणी चालू आहे."

"म्हणजे तिच्याशी कोण बोलतंय?"

"तुम्ही," तो म्हणाला, आणि घाईनं दुरुस्त केलं, "म्हणजे तुमच्यासारखं."

त्यानं बिचाऱ्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आधी भरणी एखादा शब्द भरायची. मग वाक्य. पण ज्यांचं बोलणं वर्षानुवर्षं पेटीवर साठलेलं असतं, त्यांच्या बाबतीत ती तासन्‌तास भरू शकते. दोघींच्या शेकडो मॅचेस तिनं ऐकल्या होत्या. तिला आक्का माहीत नव्हती. मालू असं म्हणाली की आक्का काय म्हणते, एवढंच तिला माहीत होतं. जिथं साठा कमी पडे, तिथं ती इतर हजारो बायकांच्या बोलण्यातून उसनं घेई.

'येते,' विजयमालाला आठवलं.

"पण ती रुसली होती," ती म्हणाली. "बोलणार नव्हती. हे त्या यंत्राला कळलं नाही?"

"संपर्क तुटला एवढंच त्याला कळतं, आजी."

बरोबर होतं त्याचं. भरणीनं आक्काच्या शिव्या ऐकल्या होत्या, हसणं ऐकलं होतं, खोकला ऐकला होता. अबोला तिनं कधीच ऐकला नव्हता. अबोल्यात जोडणी होतच नसे; त्याचा साठा कुठून असणार? जगातली सगळी बोलणी त्या यंत्रापाशी होती आणि न बोलणं तेवढं नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिनं पेटी बंद केली. आक्का वाक्याच्या मध्येच तुटली. करवीर एक-शून्यनं जिंकलं हे तिला गल्लीतल्या फटाक्यांवरून कळलं. खोली एवढी रिकामी तिला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान एक माणूस गेलं होतं. आता सबंध हिवाळा गेला होता.

*

लाइन सुरू झाल्याचं कळताच तिनं म्हापशाची गाडी धरली. फोन केला नाही. फोन कोण उचलेल याचा भरवसा आता तिला राहिला नव्हता.

वाटेत बांद्यापासून पुढं झाडं आडवी पडली होती. आक्काच्या अंगणातला माड कंपाउंडवर कलला होता, आणि आक्का पायरीवर उभी राहून कामगारावर ओरडत होती. तिनं वळून पाहिलं. केस पार पांढरे झाले होते, मान जरा लवली होती.

"मालू!" ती म्हणाली. "अगं, मी येणार म्हटलं होतं ना, तूच कशाला आलीस? धीर नाही निघाला?"

विजयमालानं बसभर जुळवलेलं पहिलं वाक्य तसंच राहिलं. आत ओटीवर एक मोठी बॅग उघडी होती. तिच्यात साड्या, औषधांचे डबे, भाऊजींचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला.

"शेवटची मॅच झाली की निघायचं असं धरलं होतं," आक्का म्हणाली. "वादळानं मॅच पुढं ढकलली, नाहीतर आत्ता तुझ्या दारात असतो."

जेवताना मासळीची आमटी वाढत आक्का बोलत होती. विजयमाला मध्येच म्हणाली, "मला जानेवारीत ताप आला होता."

"सांगितलंस की."

"सांगितलं?"

"नाही बाई, तो खोकला म्हणाली होतीस. आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐकून किती घाबरलीस तू! डोळ्यात थेंब घालायची आठवण करत होतीस दर मॅचला."

ऑपरेशन झालं होतं. विजयमालाला पहिल्यांदाच कळत होतं. ती भात कालवत राहिली. डोक्यात एकच हिशेब चालला होता: बोललं नाही तर? बॅग भरलेली आहे. उद्या मॅच, परवा गाडी, मग दोघी मिळून राहणार. दांड्याला धरून आक्का न्हाणीत जाणार. कोणाचं काय बिघडणार आहे?

*

शेवटची मॅच मडगावला, करवीर विरुद्ध मांडवी. मांडवीला विजेतेपदासाठी जिंकणं भाग होतं. करवीरला लीगमध्ये राहायला बरोबरी पुरत होती. आक्कानं पेटी लावली नाही. "आता कशाला? माणूसच बसलंय शेजारी."

वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघी एका सोफ्यावर बसल्या होत्या, आणि बोलायला काही सुचत नव्हतं. आक्का एखादं वाक्य टाके आणि थांबे, जणू उत्तर कुठून येईल ते तिला ठाऊक आहे. ते येत नसे. मग ती जराशी चमकून मालूकडं बघे.

मांडवीनं गोल केला. मध्यंतर झालं. आक्कानं सोलकढी आणली. शेवटच्या पाच मिनिटांत करवीरला पेनल्टी मिळाली, मुजावरनं ती डाव्या कोपऱ्यात घातली आणि सामना एक-एक असा सुटला. करवीर वाचलं. मांडवीचं विजेतेपद गेलं. पडद्यावर पिवळ्या जर्सीतली पोरं गवतावर बसून रडत होती.

"बोल," आक्का म्हणाली. "बोल की काय बोलायचंय ते. आघाडी टिकली नाही आमची."

विजयमालानं सोलकढीचा रिकामा पेला उचलून परत खाली ठेवला.

"बोल गं. मला आता काही वाटत नाही त्याचं. तू माफी मागितलीस त्या दिवशीच सगळं गेलं." आक्का टीव्हीकडं बघत बोलत होती. "किती रडलीस, मालू. आईच्या वेळीसुद्धा एवढी रडली नव्हतीस. म्हणालीस, 'आक्का, माझी जीभ झडो, सून नाही तर मी आहे की तुला.' ते ऐकलं नसतं ना, तर मी काही ही बॅग भरली नसती."

बाहेर तो माड तोडायचं काम चालू होतं. करवतीचा आवाज येत होता.

"आक्का, ती मी नव्हतो."

"म्हणजे?"

"तू तोडलंस, त्यानंतर मी जोडलंच नाही. तूही नाही. ती भरणी होती. तुझ्याकडं माझी आणि माझ्याकडं तुझी. आपण दोघी हंगामभर एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही."

आक्कानं टीव्ही बंद केला. बराच वेळ ती आपल्या तळहाताकडं बघत होती. तिला समजायला वेळ लागत नव्हता; ती एकेक मॅच आठवून परत करत असावी.

"मग रडलं कोण?" तिनं विचारलं.

"मशीन."

"तू नाही रडलीस."

"नाही. मी… मला वाटलं तू आधी बोललीस. मी जिंकलो असं वाटलं मला." "तसं बोलायला नको होतं मी. सुनेचं. तू एकटीला सांगितलं होतंस मला. चुकलो मी, आक्का."

एवढंच जमलं. जीभ झडो वगैरे काही सुचलं नाही. डोळ्यांत पाणीही आलं नाही. ते यायला हवं होतं, पण आलं नाही.

आक्का उठली. "तिला जास्त चांगलं जमलं होतं," ती म्हणाली, आणि आत गेली.

थोड्या वेळानं ओटीवरून साड्या काढून परत कपाटात ठेवल्याचा आवाज आला.

*

सकाळी विजयमाला उठली तेव्हा आक्का तुळशीला पाणी घालत होती. वळून बघितलं नाही.

"चहा झाकून ठेवलाय," ती तुळशीला म्हणाली. "ज्याला प्यायचा त्यानं प्यावा. साखर कमी आहे."

विजयमालानं चहा घेतला. कप विसळून ठेवला. पिशवी उचलून ती निघाली तेव्हा मागं चपलांचा आवाज आला. बसस्थानकापर्यंत तो तसाच मागं राहिला, पुढं आला नाही आणि मागंही पडला नाही.

कोल्हापूरची गाडी लागलेली होती. विजयमाला चढली आणि मिळेल त्या जागेवर बसली. खिडकीतून तिला आक्का दिसत होती, फलाटावर, रुमालात काहीतरी धरून. आक्का दाराशी आली आणि तिनं कंडक्टरला हाक मारली.

"अहो, त्या निळ्या साडीतल्या बाईंना पुढं खिडकीशी बसवा. घाटात त्यांना गाडी लागते. आणि हे लिंबू द्या त्यांना."

कंडक्टर लिंबू घेऊन आला. "मावशी, पुढं या. बाहेरच्या बाई म्हणतात—"

"ऐकलं मी," विजयमाला म्हणाली. ती पुढं येऊन बसली. लिंबाला आक्काच्या हाताची ऊब होती. "त्यांना सांगा, घरी पोचलो की फोन करतो. पेटीवरनं नाही, साध्या फोनवर. उचलायचा नसला तर राहू दे म्हणावं, वाजू दे नुसता. मागची खोली रंगवून ठेवलीय, हेही सांगा."

कंडक्टरनं खाली बघितलं. आक्का तीन हातांवर उभी होती, नजर गाडीच्या पाटीवर.

"तुम्हीच सांगा की, मावशी. या काय समोरच उभ्या आहेत, सगळं ऐकू जातंय त्यांना."

"नाही हो," विजयमाला म्हणाली. "आमचा अबोला आहे."